डेटाबेसमध्ये नेमका शब्दसमूह शोधायचा कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर परिसरातली वाचनालयं, सहकारी संस्था, छोट्या सॉफ्टवेअर कंपन्या आणि शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट करणारे विद्यार्थी यांच्याकडून फुल-टेक्स्ट सर्चबद्दल (डेटाबेसमधल्या पूर्ण मजकुरात शब्द शोधण्याबद्दल) पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांची तक्रार एकच असते: इंग्रजी मजकुरावर चालणारा शोध मराठीवर आला की बिघडतो. म्हणून मराठीच्या अडचणींना इथे जास्त जागा दिली आहे. आज्ञांची आणि फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत; टाइप करताना ती रोमन लिपीतच द्यायची.

१. नेमका शब्दसमूह शोधणं म्हणजे काय? साध्या शोधापेक्षा त्यात वेगळं काय?

साध्या फुल-टेक्स्ट शोधात तुम्ही दोन शब्द दिलेत, तर ते दोन्ही (किंवा त्यांतला एखादा) जिथे कुठे आहेत ती सगळी नोंद मिळते. नेमक्या शब्दसमूहाच्या शोधात ते शब्द त्याच क्रमाने आणि एकमेकांना लागून यावे लागतात.

कोल्हापुरात हा फरक लगेच कळतो. आपल्याकडे शिवाजी पेठ आहे, शिवाजी पूल आहे, शिवाजी चौक आहे आणि शिवाजी विद्यापीठही आहे. बातम्यांच्या संग्रहात ‘शिवाजी’ आणि ‘पेठ’ असे सुटे शब्द शोधले, तर विद्यापीठातल्या कार्यक्रमाची आणि शुक्रवार पेठेचा उल्लेख असलेली बातमीही यादीत येते. "शिवाजी पेठ" असा जोडून शोध घेतला, तर ती गळते.

२. दोन शब्द लागून आहेत हे डेटाबेसला कसं कळतं? तो पूर्ण मजकूर वाचतो का?

नाही. मजकूर साठवताना डेटाबेस त्याचे तुकडे करतो. या तुकड्यांना टोकन म्हणतात. प्रत्येक टोकनाबरोबर तो मजकुरात कितव्या जागी आला तो क्रमांकही ठेवला जातो. ‘शिवाजी पेठ येथील तालमीसमोर सभा झाली’ या वाक्यात शिवाजी १, पेठ २, येथील ३, तालमीसमोर ४, सभा ५, झाली ६. "शिवाजी पेठ" विचारलं की डेटाबेस ‘शिवाजी’ असलेल्या आणि ‘पेठ’ असलेल्या नोंदी काढतो, आणि त्यांतल्या ज्या नोंदींत ‘पेठ’चा क्रमांक ‘शिवाजी’च्या क्रमांकापेक्षा बरोबर एकने जास्त आहे तेवढ्याच ठेवतो.

म्हणजे इथे अक्षरं जुळवली जात नाहीत, टोकनं आणि त्यांच्या जागा जुळवल्या जातात. पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तराचं मूळ याच गोष्टीत आहे. मजकूर कसा तोडला गेला हे आधी बघा, क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) नंतर तपासा.

३. मग सरळ एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतला ‘लाइक’ (अक्षरं जुळवून पाहणारी अट) वापरून दोन टक्केचिन्हांच्या मधे शब्दसमूह का देऊ नये?

नोंदी थोड्या असतील तर जरूर द्या. काही हजार नोंदींच्या वाचनालयाच्या यादीला फुल-टेक्स्ट इंडेक्सची (शोध वेगात व्हावा म्हणून आधीच केलेल्या शब्दसूचीची) गरजच पडत नाही. पण सुरुवातीलाच टक्केचिन्ह असलेल्या ‘लाइक’ला साधा इंडेक्स उपयोगी पडत नाही, त्यामुळे प्रत्येक ओळ तपासावी लागते आणि मजकूर वाढला की वेळ वाढत जातो. शिवाय ‘लाइक’ अक्षरशः जुळवतो: दोन शब्दांत चुकून दोन स्पेस पडल्या असतील, किंवा मधे ओळ तुटली असेल, तर त्याला काहीच सापडत नाही. कधीकधी मात्र हा काटेकोरपणाच हवा असतो. त्यासाठी प्रश्न १९ पाहा.

४. कुठल्या डेटाबेसमध्ये हा शोध कसा लिहायचा?

मायएसक्यूएलमध्ये ‘मॅच… अगेन्स्ट’ वापरून बूलियन मोड लावायचा आणि शब्दसमूह दुहेरी अवतरणात द्यायचा. इनोडीबी (मायएसक्यूएलचा नेहमीचा साठवण्याचा प्रकार) टेबलांवर फुल-टेक्स्ट इंडेक्स आवृत्ती ५.६ पासून मिळतो. ही दुहेरी अवतरणं एकेरी अवतरणांच्या आत असतात. बाहेरची एकेरी चिन्हं एसक्यूएलची, आतली दुहेरी शोधाची. अनेकांची गाडी इथेच अडते: आतली चिन्हं विसरतात आणि साधा शोध चालतो.

पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती ९.६ पासून, म्हणजे २०१६ पासून, <-> हे ‘लगेच पुढचा शब्द’ सांगणारं चिन्ह आहे. ते हाताने लिहायचं नसेल तर ‘फ्रेजटू_टीएसक्वेरी’ हे फंक्शन तुमच्या वाक्यातून तशी क्वेरी तयार करून देतं. वेबसाइटवरच्या शोधपेटीसाठी मी ‘वेबसर्च_टू_टीएसक्वेरी’ सुचवतो. ते आवृत्ती ११ पासून आहे, अवतरणातला मजकूर आपोआप शब्दसमूह मानतं आणि वापरकर्त्याने काहीही टाइप केलं तरी व्याकरणाची एरर देत नाही.

एसक्यूलाइटमध्ये एफटीएस५ (त्याची फुल-टेक्स्ट शोधाची सोय) टेबल बनवून ‘मॅच’ला दुहेरी अवतरणातला शब्दसमूह द्या. टेबल बनवताना ‘डिटेल’ हा पर्याय ‘कॉलम’ किंवा ‘नन’ ठेवला असेल तर जागांचे क्रमांक साठवलेच जात नाहीत आणि शब्दसमूहाचा शोध चालत नाही. जागा वाचवण्यासाठी हा पर्याय निवडला जातो आणि मग तो विसरला जातो.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘कंटेन्स’ वापरा. अवतरणांची रचना मायएसक्यूएलसारखीच.

५. मी अवतरणचिन्हं टाकतो, तरी सुट्या शब्दांचेच निकाल येतात. का?

बहुतेक वेळा चिन्हं वाकडी असतात. मोबाइलचा कीबोर्ड आणि वर्ड यांसारखे प्रोग्रॅम सरळ " ऐवजी “ आणि ” ही वळणदार चिन्हं घालतात. डेटाबेस फक्त सरळ चिन्ह ओळखतो. वळणदार चिन्ह त्याला स्वल्पविरामासारखंच वाटतं. शोध डेटाबेसकडे पाठवण्याआधी अशी सगळी चिन्हं सरळ करून घ्या.

दुसरं कारण म्हणजे उघडलेलं अवतरण बंद न करणं. एफटीएस५ यावर एरर देतं, पोस्टग्रेसचं ‘वेबसर्च_टू_टीएसक्वेरी’ सावरून घेतं. आणि कोणत्याही डेटाबेसमध्ये वापरकर्त्याचा मजकूर क्वेरीत थेट चिकटवू नका, पॅरामीटर (क्वेरीपासून वेगळी पाठवलेली किंमत) म्हणूनच द्या.

६. "रंकाळा तलाव" शोधल्यावर ‘रंकाळा तलावाच्या काठी’ असलेला लेख का येत नाही?

कारण ‘तलाव’ आणि ‘तलावाच्या’ ही डेटाबेससाठी दोन वेगळी टोकनं आहेत. मराठीत विभक्तीचा प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटून येतं, आणि शब्दसमूहात ते बहुधा शेवटच्या शब्दाला चिकटतं. म्हणून पहिला उपाय: शेवटचा शब्द ‘इथून सुरू होणारा’ असा शोधायचा.

पोस्टग्रेसमध्ये ‘टू_टीएसक्वेरी’ला 'रंकाळा' <-> 'तलाव':* असं द्या. ‘तलावात’, ‘तलावाच्या’, ‘तलावाभोवती’ हे सगळं सापडेल. ‘फ्रेजटू’ आणि ‘वेबसर्च’ या दोन्ही फंक्शनना :* कळत नाही, त्यामुळे ही क्वेरी तुमच्या प्रोग्रॅमने बांधावी लागते. एफटीएस५मध्ये "रंकाळा तलाव" * असं, तारा अवतरणाच्या बाहेर. तो फक्त शेवटच्या शब्दाला लागू होतो, म्हणजे आपल्याला हवं तसंच. मायएसक्यूएलमध्ये अवतरणाच्या आत तारा चालत नाही. तिथे +रंकाळा +तलाव* असा शोध घेऊन निकालांवर ‘लाइक’ची चाळणी लावा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये सावध राहा: "राम मंदिर*" लिहिलं की तारा अवतरणातल्या प्रत्येक शब्दाला लागतो, त्यामुळे ‘रामाच्या मंदिरात’ आणि ‘रामलिंग मंदिरात’ हेही निकालात येतात.

पण मराठी शब्द नुसता शेवटी वाढत नाही, आतूनही बदलतो. ‘कोल्हापुरी गूळ’ म्हणतो आपण, पण ‘कोल्हापुरी गुळाला भाव’. ऊकार ऱ्हस्व झाला, त्यामुळे 'गूळ':* ला ‘गुळाला’ सापडणार नाही. अशा ठिकाणी दोन्ही रूपं द्या: 'कोल्हापुरी' <-> ('गूळ' | 'गुळ':*). पुराच्या बातम्यांतही हेच होतं. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरात पोरासोरांना पाठ असतं. पण एका बातमीत ‘धोका पातळी’ असतं तर दुसरीत ‘धोक्याची पातळी’. दोन्ही हव्या असतील तर ('धोका' | 'धोक्याची') <-> 'पातळी':* असं मागावं लागतं.

आखूड शब्दाला तारा लावताना विचार करा. एकट्या 'पेठ':* ला पेठवडगावही मिळतं.

७. इंग्रजीसारखं मराठी शब्दाचं मूळ रूप डेटाबेस स्वतः काढत नाही का?

इंग्रजीसाठी पोस्टग्रेसमध्ये मूळ रूप काढणारी सोय आहे आणि पुढे हिंदीचीही आली. मराठीची सोबत येत नाही. हिंदीची मराठीला लावू नका, प्रत्यय वेगळे आहेत आणि शब्द भलतीकडे कापले जातात. मराठी मजकुराला ‘सिंपल’ हे कॉन्फिगरेशन द्या: ते शब्द जसाच्या तसा ठेवतं. नेमका शब्दसमूह हवा असतो तेव्हा तेच बरं. इंग्रजी कॉन्फिगरेशनमध्ये ‘सर्च इंजिन्स’ विचारलं तर ‘सर्चिंग इंजिन’ही जुळतं, आणि त्याला नेमकं म्हणता येत नाही.

एसक्यूएल सर्व्हरच्या फुल-टेक्स्ट भाषांच्या यादीत मराठी आहे, क्रमांक ११०२. कॉलमवर इंडेक्स करताना ती भाषा मुद्दाम निवडा.

८. माझा मजकूर कसा तोडला गेला ते बघायचं कुठे?

हा प्रश्न विचारणाऱ्याचा अर्धा त्रास तिथेच संपतो. पोस्टग्रेसमध्ये ‘टीएस_डीबग’ला एक मराठी वाक्य द्या, प्रत्येक तुकडा आणि त्याचा प्रकार दिसतो. एफटीएस५साठी ‘एफटीएस५व्होकॅब’ नावाचं आभासी टेबल बनवता येतं, त्यात सगळी टोकनं असतात. मायएसक्यूएलमध्ये ‘इनोडीबी_एफटी_ऑक्स_टेबल’मध्ये टेबलाचं नाव भरून ‘इन्फर्मेशन_स्कीमा’मधलं ‘इनोडीबी_एफटी_इंडेक्स_टेबल’ वाचा. नुकत्याच भरलेल्या नोंदी त्याच्या शेजारच्या ‘कॅश’ टेबलात असतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘डीएम_एफटीएस_पार्सर’.

तपासायला जोडाक्षरं, काना-मात्रा, अनुस्वार आणि ‘ऱ्य’ हे सगळं असलेलं वाक्य घ्या. ‘कमल घर बघ’ असल्या वाक्याने काही कळणार नाही.

९. एसक्यूलाइटमध्ये ‘पुणे’ शोधलं तर ‘पाणी’ येतं! हे काय आहे?

एफटीएस५चा नेहमीचा तोडणारा, ‘युनिकोड६१’, फक्त अक्षरं आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो. युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात) काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडण्याचं चिन्ह यांचा वर्ग निराळा आहे, त्याचं नाव एमने सुरू होतं. त्यामुळे प्रत्येक काना-मात्रा या तोडणाऱ्याला स्पेससारखी वाटते. ‘पुणे’ तुटून प आणि ण होतं. ‘पाणी’ तुटूनही प आणि ण. तुम्ही विचारलेला ‘पुणे’ हा एक शब्द आतल्या आत "प ण" असा शब्दसमूह होतो आणि पाणीपुरवठ्याच्या नोंदी पुढ्यात येतात. ‘शिवाजी पेठ’चं श, व, ज, प, ठ होतं.

हा दोष चाचणीत लपतो, हे त्यातलं सगळ्यात वाईट. ‘कोल्हापूर’ शोधलं की कोल्हापूरच्या नोंदी येतात, कारण दोन्ही बाजू सारख्याच तुटतात. सगळं बरोबर आहे असं वाटून काम पुढे जातं आणि डेटा वाढल्यावर भलते निकाल दिसू लागतात.

उपाय सोपा आहे. टेबल बनवताना ‘टोकनाइझ’मध्ये ‘युनिकोड६१’च्या पुढे ‘कॅटेगरीज’ हा पर्याय द्या आणि एल, एन, सीओ या नेहमीच्या वर्गांच्या जोडीला एम हा वर्गही घाला, तारा लावून. तोडण्याची पद्धत टेबल बनवतानाच ठरते, म्हणून जुनं टेबल काढून नवीन भरावं लागेल. अँड्रॉइड ॲपमध्ये मराठी शोध देणाऱ्यांनी हे आधी तपासावं. तिथे मागे एसक्यूलाइटच असतं. एफटीएस५ प्रत्येक फोनवर मिळेलच असं गृहीत धरू नका, ॲपबरोबर स्वतःचं एसक्यूलाइट देणं सुरक्षित.

१०. मायएसक्यूएलमध्ये "ऊस दर" शोधला की एकही बातमी येत नाही. संग्रह तर ऊसदराच्या बातम्यांनी भरलेला आहे.

इनोडीबी तीनपेक्षा कमी अक्षरचिन्हांचे शब्द इंडेक्समध्ये घेतच नाही. ‘इनोडीबी_एफटी_मिन_टोकन_साइझ’ची मूळ किंमत ३ आहे. ‘ऊस’मध्ये ऊ आणि स अशी दोनच चिन्हं, ‘दर’मध्येही दोन. दोन्ही शब्द इंडेक्समध्ये नाहीत, म्हणून शब्दसमूह रिकामा. (जुन्या मायआयसॅम टेबलांसाठी ही मर्यादा ‘एफटी_मिन_वर्ड_लेन’ ठरवतं आणि ती ४ आहे.)

‘नदी’मध्ये न, द आणि वेलांटी अशी तीन चिन्हं मोजली जातात. ‘घर’, ‘मत’, ‘गट’, ‘वन’, ‘जल’, ‘कर’ मात्र गळतात. ‘गट क्रमांक’, ‘कर वसुली’ असे शब्द रोज वापरणाऱ्या ग्रामपंचायतीच्या किंवा कारखान्याच्या कामात ही मर्यादा चालणारच नाही. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये किंमत १ किंवा २ करा, सर्व्हर पुन्हा सुरू करा आणि फुल-टेक्स्ट इंडेक्स काढून नव्याने बनवा. शेवटची पायरी राहिली तर काहीच बदलत नाही, आणि बऱ्याच जणांची तीच राहते.

‘ऊसदर’ असा जोडून लिहिलेला शब्द वेगळा मोजला जातो. तोही सोबत शोधायचा असेल तर दोन शोधांच्या मधे ‘किंवा’ लावा.

११. "शेतकऱ्यांना अनुदान" निम्म्या नोंदींतच सापडतं. उरलेल्या नोंदींत मला तोच शब्द डोळ्यांनी दिसतोय.

दिसायला तोच आहे, साठवलेला वेगळा. ‘ऱ्य’ दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात ऱ हे नुक्त्याचं अक्षर, पाय मोडण्याचं चिन्ह आणि य. दुसऱ्यात साधा र, पाय मोडण्याचं चिन्ह, मग न दिसणारं शून्य रुंदीचं जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही एकच दिसतात, डेटाबेसला दोन निराळे शब्द मिळतात. कुठे या अदृश्य चिन्हापाशी शब्द चक्क दोन तुकड्यांत तुटतो. ‘युनिकोड६१’ प्रश्न ९मधला उपाय केल्यावरही इथे तोडतो, कारण हे चिन्ह एम वर्गात नाही.

‘ॲ’चंही तसंच. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये ५.१ या आवृत्तीत, २००८ साली आलं. त्याआधीचा आणि नंतरचाही बराच मजकूर अ आणि वरचा चंद्र असा जोडून लिहिलेला आहे, कधी मधे अदृश्य जोडचिन्ह घालून. ‘ॲप’ आणि ‘ॲडव्होकेट’ असे शब्द यात अडकतात.

युनिकोडची प्रमाण रूपं करणारी सोय (पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती १३ पासून ‘नॉर्मलाइझ’) र आणि सुटा नुक्ता एकत्र करून ऱ करते, पण जोडचिन्हाचा प्रकार आणि ‘ॲ’चा प्रकार तिच्या कक्षेत येत नाही. ते बदल स्वतः करावे लागतात, आणि क्रम महत्त्वाचा आहे. आधी ‘र, पायमोड, जोडचिन्ह’ या तिघांच्या जागी ‘ऱ, पायमोड’ घाला. मग अ आणि चंद्राच्या सगळ्या जोड्यांचा ॲ करा. त्यानंतरच उरलेली अदृश्य चिन्हं काढून टाका. सरसकट अदृश्य चिन्हं आधी काढलीत तर र चा रफार होतो: ‘आचाऱ्यांना’ बोलावलं होतं तिथे ‘आचार्यांना’ बोलावल्याची नोंद तयार होते, ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होतं. हा अर्थाचाच बदल आहे, आणि मूळ मजकूर ठेवला नसेल तर तो परत मिळवता येत नाही.

म्हणून मूळ कॉलमला हात लावू नका. शोधासाठी वेगळा, शुद्ध केलेला कॉलम ठेवा आणि वापरकर्त्याने टाइप केलेला शोधही त्याच फंक्शनमधून काढा. एक बाजू शुद्ध आणि दुसरी कच्ची राहिली, तर आधी जे सापडत होतं तेही सापडेनासं होतं.

१२. आमचा मजकूर जुन्या डीटीपी फाइलींतला, श्री-लिपीत टाइप केलेला आहे. तो शोधता येईल का?

तसाच नाही. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये साठवलेली असतात ती रोमन चिन्हं. फॉन्ट त्यांना देवनागरीचा आकार देतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर हवं. रूपांतरानंतर दोन गोष्टी हटकून तपासा: ऱ्हस्व वेलांटी आणि रफार. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफार जुन्या पद्धतीत अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. कच्च्या रूपांतरात ‘शिवाजी’ची वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते आणि शब्दसमूह कायमचा हरवतो. रूपांतरानंतर प्रश्न ११मधली शुद्धी करा.

१३. तारखा आणि आकडे असलेले शब्दसमूह का फसतात?

‘३९ फूट’ आणि ‘39 फूट’ ही वेगळी टोकनं आहेत. शुद्धीच्या फंक्शनमध्ये सगळे अंक एकाच लिपीत आणा.

‘२६ जुलै १९०२’ ही शाहू महाराजांच्या आरक्षणाच्या आदेशाची तारीख शब्दांत लिहिलेली असेल तर तिचा शब्दसमूह नीट चालतो. पण रोमन अंकांत 26-07-1902 असं लिहिलं, तर पोस्टग्रेस मधली आडवी रेघ उणे चिन्ह मानून 26, -07 आणि -1902 अशी टोकनं करतो. गट क्रमांक, सिटी सर्व्हे क्रमांक, पावती क्रमांक अशा तिरप्या रेघा असलेल्या गोष्टींसाठी फुल-टेक्स्ट वापरूच नका. त्यांना स्वतंत्र कॉलम द्या आणि साधा इंडेक्स लावा.

१४. मधे स्वल्पविराम किंवा पूर्णविराम आला तर शब्दसमूह जुळतो का?

जुळतो. विरामचिन्हं टोकनांत येत नाहीत. ‘…मोर्चा निघाला शिवाजी. पेठ बंद होती’ असं वाक्य असलं तरी "शिवाजी पेठ" सापडेल. असा योगायोग विरळा असतो, त्यामुळे बहुतेकांनी याची काळजी करू नये. ज्यांना करावी लागते त्यांनी प्रश्न १९ वाचावा.

१५. मधे एखाददुसरा शब्द आला तरी चालेल, असं सांगता येतं का?

येतं, पण प्रत्येक ठिकाणी अर्थ वेगळा आहे. पोस्टग्रेसमध्ये <2> म्हणजे बरोबर दोन जागा पुढे. ‘दोनपर्यंत’ असा त्याचा अर्थ नाही, हा गैरसमज फार पसरलेला आहे. एक किंवा दोन चालणार असेल तर दोन्ही क्वेरी ‘किंवा’ने जोडा. एफटीएस५मधला ‘निअर’ आणि मायएसक्यूएलमधलं @ चिन्ह ‘इतक्या अंतराच्या आत’ असा अर्थ घेतात, पण क्रम पाहत नाहीत. ‘शाहू’नंतर ‘आंबेडकर’ आलं काय किंवा आधी आलं काय, दोन्ही जुळतं. एसक्यूएल सर्व्हरच्या ‘निअर’मध्ये अंतर आणि क्रम दोन्ही सांगता येतात.

१६. ‘आणि’, ‘व’, ‘आहे’ असे शब्द शोधातून वगळावेत का?

नेमका शब्दसमूह महत्त्वाचा असेल तर वगळू नका. मायएसक्यूएलच्या इनोडीबीसोबत येणारी वगळायच्या शब्दांची यादी इंग्रजी आहे, मराठीला ती लागत नाही. तुम्ही स्वतःची यादी केली असेल तर एवढं लक्षात असू द्या: पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर शब्द गाळला तरी त्याची जागा मोजतात. त्यामुळे ‘फुले व शाहू’ मागितलं तर ‘फुले आणि शाहू’ही जुळू शकतं, कारण मधला शब्द कोणता होता ते आता कुणालाच माहीत नाही.

१७. शीर्षक आणि मजकूर एकत्र करून इंडेक्स केला. आता जे वाक्य कुठेच नाही तेही सापडतं.

पोस्टग्रेसमध्ये दोन ‘टीएसव्हेक्टर’ (टोकनं आणि त्यांचे क्रमांक साठवणारा प्रकार) जोडले की दुसऱ्याचे क्रमांक पहिल्याच्या शेवटच्या क्रमांकापासून पुढे चालू होतात. शीर्षकाचा शेवटचा शब्द ‘शिवाजी’ आणि बातमीचा पहिला शब्द ‘पेठ’ असेल तर ते शेजारी ठरतात. शीर्षक आणि मजकूर यांचे वेगळे कॉलम ठेवा आणि दोन्हींत स्वतंत्रपणे शोधा. एफटीएस५मध्ये शब्दसमूह एका कॉलममधून दुसऱ्यात जात नाही, तिथे ही अडचण येत नाही.

१८. संपूर्ण ग्रंथ एका नोंदीत टाकला आहे. पहिल्या प्रकरणातलं सापडतं, शेवटचं नीट सापडत नाही.

पोस्टग्रेसमध्ये जागेचा क्रमांक १६,३८३च्या पुढे जात नाही. त्यानंतरच्या सगळ्या शब्दांना तोच क्रमांक मिळतो, म्हणून तिथे कोण कोणाच्या शेजारी हे कळायला मार्ग राहत नाही. एका शब्दाच्या जास्तीत जास्त २५६ जागा साठवल्या जातात, हीसुद्धा मर्यादा आहे. ‘आणि’सारखा शब्द ती लवकर गाठतो.

ग्रंथ पानापानाने वेगळ्या नोंदींत ठेवा. करवीर नगर वाचन मंदिरासारखी १८५०पासूनची वाचनालयं आपल्या शहरात आहेत. असा जुना संग्रह स्कॅन करून घालायचा तर पान हेच सोयीचं एकक, कारण वाचकाला पान क्रमांकच हवा असतो. दोन पानांवर विभागलेला शब्दसमूह सुटू नये म्हणून शोधाच्या कॉलममध्ये पुढच्या पानाचे सुरुवातीचे दहाबारा शब्द जोडून ठेवा. दाखवायचा मजकूर मात्र मूळ पानाचाच.

१९. कोर्टाच्या किंवा दप्तराच्या कामासाठी अक्षरशः तंतोतंत वाक्य हवं आहे. फुल-टेक्स्ट पुरेल का?

एकट्याने नाही. विरामचिन्हं त्याला दिसत नाहीत, रोमन अक्षरांत लहान-मोठं सारखं होतं आणि वगळलेले शब्द त्याच्या लेखी नसतात. दोन टप्पे करा. आधी फुल-टेक्स्टने शब्दसमूह शोधून लाखो नोंदींतून शंभरएक बाजूला काढा, मग त्याच क्वेरीत ‘अँड’ लावून मूळ कॉलमवर ‘लाइक’ची अट घाला. इंडेक्समुळे वेग राहतो आणि ‘लाइक’मुळे तंतोतंतपणा. जुन्या नोंदींत ओळी मधेच तुटलेल्या असतील, तर ‘लाइक’च्या आधी ओळ बदलण्याची चिन्हं आणि जास्तीच्या स्पेस एका स्पेसवर आणाव्या लागतील.

२०. साधा शोध झटपट होतो, शब्दसमूहाचा मात्र फार हळू. का?

पोस्टग्रेसच्या जिन इंडेक्समध्ये (फुल-टेक्स्टसाठी तिथे हाच वापरतात) कोणता शब्द कोणत्या नोंदीत आहे एवढंच असतं, जागांचे क्रमांक नसतात. त्यामुळे दोन्ही शब्द असलेली प्रत्येक नोंद उघडून क्रमांक तपासावे लागतात. ‘कोल्हापूर’ आणि ‘जिल्हा’ असे सर्रास येणारे शब्द असतील तर जवळजवळ सगळा संग्रह उघडला जातो.

इंडेक्स थेट एक्सप्रेशनवर (मजकूर तोडणाऱ्या फंक्शनवर) बांधला असेल तर त्या प्रत्येक नोंदीचा मजकूर तपासताना पुन्हा तोडावा लागतो, आणि खरा वेळ तिथे जातो. ‘टीएसव्हेक्टर’ स्वतंत्र कॉलममध्ये साठवून ठेवा. आवृत्ती १२ पासून, म्हणजे २०१९ पासून, असा कॉलम आपोआप भरणारा बनवता येतो. त्याच्या व्याख्येत ‘सिंपल’ हे कॉन्फिगरेशनचं नाव स्पष्ट लिहावं लागतं. तरीही वेग कमी वाटला तर ‘रम’ हे एक्स्टेन्शन पाहा, त्याच्या इंडेक्समध्ये जागाही असतात. तारीख किंवा तालुक्याची अट घालता येत असेल तर आधी ती घाला, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

२१. आत्ताच भरलेली नोंद शोधात का दिसत नाही?

इनोडीबीमध्ये फुल-टेक्स्ट शोधाला नोंद ‘कमिट’ (म्हणजे पक्की) झाल्यावरच दिसते, त्याच ट्रॅन्झॅक्शनच्या आतूनही आधी दिसत नाही. चाचणी लिहिताना नोंद भरणं, कमिट करणं आणि मग शोधणं असा क्रम ठेवा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये इंडेक्स मागून भरत असतो, तिथे क्षणभर थांबावं लागतं. एफटीएस५चं टेबल दुसऱ्या टेबलावरून मजकूर घेत असेल तर ट्रिगर (नोंद बदलली की आपोआप चालणाऱ्या आज्ञा) लावलेत का ते पाहा. ट्रिगर नसतील तर नवीन नोंद तिथे पोहोचतच नाही.